तळाची जाळी

खुर्चीला हात लावायचा नाही, हे बाबीने पहिल्याच सकाळी सांगितलं. पोहण्याच्या तलावाच्या कडेला निळ्या छत्र्यांखाली पांढऱ्या खुर्च्यांची रांग होती. त्या रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी. आपले कपडे ठेवायचे ते पंपाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर. टॉवेल घरून आणायचा. उतरण्याआधी पाय धुवायचे. पाण्यात बोलायचं नाही, कारण पाण्यावरून आवाज लांब जातो आणि पहिल्या मजल्यावरचे लोक खिडक्या उघड्या टाकून झोपतात. सात वाजता चहाची टेबलं लावायला माणसं येतात, त्याआधी आपण मागच्या गेटाबाहेर.

कोणी विचारलंच तर काय सांगायचं, असं मी विचारलं.

"माझा नाव घेव नकात," बाबी म्हणाला. "वाट चुकलो म्हणान सांगा."

आप्पा माझ्या खांद्यावर भार टाकून उभे होते. डावं पाऊल फरशीवर आडवं पडलं होतं. ते हसले, तोंडाच्या फक्त उजव्या बाजूने.

"वाट चुकायला आधी चालाय तरी येऊ दे," ते म्हणाले.

याला आता सोळा वर्षं झाली. आप्पा म्हणजे माझे वडील. आदल्या सप्टेंबरात त्यांची डावी बाजू गेली. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकात रात्रपाळीला होतो. पहाटे तीनला घरी यायचो आणि सहाला आप्पांना उचलून संडासला न्यायचो. दुपारी आणि रात्री हेच काम माझी बायको सुमन करायची. मार्चमध्ये तिची कंबर गेली. त्यानंतर आप्पांनी पाणी पिणं कमी केलं, म्हणजे उचलावं लागणार नाही. हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीभर पाण्यात चालवा. पाण्यात माणसाला वजन उरत नाही. तीन आठवडे, एकही दिवस न चुकवता. घरात भिंत धरून संडासापर्यंत एकटे जातील एवढं मी सांगू शकतो, त्याहून जास्त नाही, असं ते म्हणाले.

आम्हाला तेवढंच हवं होतं. पण आमच्या गावचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी दोन वर्षं कोरडा होता आणि तळाला गवत आलं होतं. त्याच तलावावर आप्पांनी एकतीस वर्षं राखणदारी केली होती. मी रजा काढली आणि चौकशा केल्या. कोकणातल्या एका रिसॉर्टला फोन केला तर बाहेरच्या लोकांना पूल वापरता येत नाही, असं उत्तर मिळालं. तिथे उतरणं आमच्या आवाक्यात नव्हतं. त्याच रिसॉर्टच्या कुंपणाला लागून धुरी काकींचं घर होतं आणि त्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायच्या. मी त्यांना आप्पांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी येवा. पाण्याचा बघू."

बाबी हा काकींचा धाकटा भाऊ, पन्नाशीला आलेला. आधी स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. होडी गेली तेव्हा रिसॉर्टवर लागला, पंप आणि पूल सांभाळायला. काकींकडच्या एखाद्या अडलेल्या माणसाला पहाटेचा तास तो द्यायचा. त्याबद्दल काही घ्यायचा नाही. फक्त काकींनी डब्यात दिलेले घावणे आम्ही त्याला नेऊन द्यायचे, अशी रीत होती.

सोमवारी आप्पांनी कठडा धरून पाण्यात पाऊल उचललं. मंगळवारी माझे दोन्ही हात धरून. बुधवारी एक हात. ते छातीभर पाण्यात असले की चेहरा बदलायचा, पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखा. बाबी कडेला बसून घावणे खायचा आणि आप्पा त्याला हळू आवाजात पाण्याच्या गोष्टी विचारायचे. पंप किती वाजता लावतोस, औषध केव्हा टाकतोस, तळ कसा घासतोस.

बाबी म्हणाला, तळ वरूनच घासतात, लांब दांड्याच्या ब्रशने. कामगारांना पाण्यात उतरायला मनाई आहे. पाहुण्यांना आवडत नाही.

"म्हंजे तू कधी उतरलाच न्हाईस ह्यात?"

"दोन वर्सां झाली. पाय पण नाय लावलेलो."

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी त्यांच्या तलावाची रीत सांगितली. तलाव उघडण्याआधी ते आणि त्यांचा जोडीदार यशवंत भोई पाण्यात उतरायचे आणि तळाची जाळी पायाने चाचपायचे. तळाला एक भोक असतं, तिथून पंप पाणी ओढतो. त्यावरची जाळी सैल असली आणि लहान पोराचा हात नाहीतर केस खाली गेले, तर चार माणसांना ओढून निघत नाहीत. म्हणून आधी एकाने बघायचं, मग दुसऱ्याने. दोघांचं एकच आलं की वहीत दोन सह्या. एका सहीवर तलाव उघडायचा नाही.

"पालिकेचो नियम?" बाबीने विचारलं.

"आमचा. एक माणूस झोपंत असतोय, एकाला घाई असती."

गुरुवारी आप्पा हात सोडून चालले.

हे मी ठरवून केलं नव्हतं. माझा हात धरून ते मध्यापर्यंत आले आणि त्यांनी बोटं सोडवून घेतली. मी दोन पावलं मागे सरलो. पाणी त्यांच्या छातीला होतं. त्यांनी उजवा पाय टाकला, डावा ओढला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मी मनात मोजत होतो. चौथ्या पावलाला ते थांबले. बराच वेळ तसेच उभे राहिले, अंग थोडं डावीकडे कलतं झालं होतं. थकले असं वाटून मी पुढे झालो आणि त्यांना धरलं.

"चार," मी म्हणालो.

"व्हय." ते खाली पाण्यात बघत होते. "दिनू, हितं पायाखाली जाळी हाय. डावा पाय काय सांगंना मला. तू बघ, हलतीय का."

मी पाय लावला. ताटाएवढी जाळी होती आणि एका बाजूने ती माझ्या अंगठ्याने वर उचलली गेली. खालून पाण्याची ओढ तळव्याला लागली. मी कडेने पायाचं बोट फिरवलं. एक भोक रिकामं, पुढचंही रिकामं. पाय पटकन काढून घेतला.

वर्तमानपत्रात माझी ख्याती अशी होती की मी अपघातातल्या जखमींचा आकडा रुग्णालयात फोन केल्याशिवाय पानात लावत नाही. त्या सकाळी मला विचार करायला तीन-चार सेकंद मिळाले असतील. तेवढ्यात पुढचं सगळं दिसलं. जाळीचं सांगायचं तर आपण पाण्यात होतो हे सांगावं लागणार. बाबीचं नाव निघणार. गेट बंद होणार. आणि चार पावलं चारच राहणार.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

"बघितलीस नीट?"

"बघितली."

आम्ही पावणेसातला बाहेर पडलो.

दिवसभर मी स्वतःला समजावत होतो. रिसॉर्टला नाव न सांगता फोन करायचा असं ठरवलं. काकींच्या ओसरीवर फोन होता आणि नंबर माझ्या खिशात होता. पण पूलच्या तळाला काय आहे हे ज्याला माहीत, तो पाण्यात उतरलेला असणारच, आणि त्याला कोणी सोडलं हे विचारायला त्यांना फार लांब जावं लागणार नव्हतं. शिवाय पुढच्या सोमवारी कंत्राटदार तपासणीला येणार आहे, असं बाबी बोलता बोलता म्हणाला होता. चार दिवसांचा प्रश्न होता. बाबी पाण्यावर लक्ष ठेवून असतो. पाहुणे फारसे नाहीत. मी फोन केला नाही.

संध्याकाळी बाबी बहिणीकडे आला आणि पायरीवर बसून म्हणाला की उद्या हाल आहेत. पुण्याच्या एका कंपनीची माणसं बायकामुलांसकट येणार, दुपारी बाराला बसेस. पोरंच चाळीसच्या वर. पोरांसाठी हवेची बदकं, टायर फुगवून फुगवून त्याच्या गालांचं रबर झालं होतं.

काकी आत माशाला मीठ लावत होत्या. आप्पा खाटेवर होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"दिनू, ती जाळी घट्ट हाय न्हवं?"

"घट्ट आहे, आप्पा. सांगितलं ना."

बाबीने एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बिडी शिलगावली.

शुक्रवारी पहाटे मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलो तर आप्पा म्हणाले, आज नको. मी म्हणालो, डॉक्टरांनी एकही दिवस चुकवू नका असं सांगितलंय. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नऊ वाजता त्यांनी काकींना इस्त्री आहे का विचारलं. काकींनी त्यांचा पांढरा सदरा कडक करून दिला. तो घालून, टोपी चढवून, त्यांनी काठी मागितली.

"कुठं जायचंय?"

"शेजारी. पुढच्या दारानं."

कुंपणाला वळसा घालून पुढच्या गेटापर्यंत दोनशे पावलं असतील. आम्हाला अर्धा तास लागला. सगळा भार माझ्या खांद्यावर होता आणि मी वाटेत दोनदा म्हणालो की परत फिरू. ते काठी पुढे टेकत राहिले. मला आणखी काही म्हणायचं होतं तेही मी म्हणालो नाही.

आत धावपळ चालली होती. भिंतीला कंपनीच्या नावाचा फलक बांधत होते. मॅनेजर सरपोतदार बाई म्हणून होत्या, पंचेचाळीसच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी आधी खुर्ची मागवली, आप्पांना बसवलं, पाणी दिलं. त्यांना वाटलं असावं की आम्ही वर्गणीला आलो आहोत.

आप्पांनी पेला बाजूला ठेवला. "तुमच्या तलावाची जाळी सैल झालीय, बाई. आज पोरं उतरवू नका."

बाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "काका, तुम्ही आमच्याकडे उतरलेले नाहीत."

"न्हाई."

"मग पूलच्या तळाला काय आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"चार दिस येतोय की. मागच्या बाजूनं."

"आत कोणी सोडलं?"

"कोण सोडतंय? गेटावरनं उडी मारली," आप्पा म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने खाली मान घातली. आप्पांचा डावा हात मांडीवर ठेवला होता तसाच पडला होता. सरपोतदार बाई हसल्या नाहीत.

"पाहुणा पुढच्या दाराने येतो, काका."

"म्हणूनच आलो न्हवं."

त्यांनी बाबीला बोलावलं. बाबी फुगवलेलं एक बदक काखेत धरूनच आला. आम्हाला बघून तो दारातच थांबला. बाईंनी विचारलं तशी त्याने शुद्ध मराठीत, शाळेत उत्तर द्यावं तसं, सांगितलं. गेल्या महिन्यात कंत्राटदाराने तपासलं आहे. सगळं व्यवस्थित आहे. आपण रोज वरून घासतो, काही हललेलं दिसलं नाही. ह्या माणसांबद्दल त्याला विचारलं नव्हतं आणि तो काही बोलला नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजून गेले होते.

"काका, बसेस खंबाटकी घाट उतरून कधीच्या पुढे आल्यात. मी चाळीस मुलांना सांगू की पूल बंद आहे? कशावरून?"

"माझा एक पाय मेलेला हाय. माझं नका धरू." आप्पांनी उजव्या हाताने माझ्याकडे दाखवलं. "ह्यानं बघितलीय. ह्यो पेपरात असतोय, चुकीचं सांगत न्हाई. ह्याला इचारा."

मी त्यांना दोनदा सांगितलं होतं की जाळी घट्ट आहे. तेच तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आजारी म्हाताऱ्याचा भ्रम म्हणून बाईंनी सोडून दिलं असतं. गेटाला फार तर नवं कुलूप लागलं असतं. बाबी माझ्याकडे बघत होता. वाट चुकलो म्हणायची हीच वेळ होती.

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते बाईंकडे बघत होते, पुढ्यात वही उघडून सहीची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

"सैल आहे," मी म्हणालो. "दोन स्क्रू नाहीत. काल सकाळी मी पायाने पाहिलं."

"काल?" बाई म्हणाल्या.

"काल."

त्यांनी पंप बंद करायला सांगितला. कंत्राटदाराला फोन लावला तर तो दोन तासांच्या अंतरावर होता. मग त्या स्वतः पूलपाशी आल्या आणि बाबीला म्हणाल्या, "उतर."

"मॅडम, आम्हाला मनाई आहे."

"मी सांगतेय ना."

बाबीने सदरा काढला. तो खुर्चीवर न ठेवता पंपाच्या खोलीपाशी जाऊन कट्ट्यावर ठेवला. नळाखाली पाय धुतले. मग कडेवर बसून पाण्यात सरकला आणि मध्यावर जाऊन बुडी मारली. तांडेलच तो, बराच वेळ खाली होता. वर आला तेव्हा जाळी त्याच्या हातात होती. ती ओढावीही लागली नव्हती म्हणाला. तिच्या चार भोकांपैकी एकाच भोकात गंजलेला स्क्रू लोंबत होता.

बाई काउंटरकडे परत गेल्या आणि जाताना बाबीला म्हणाल्या, कपडे बदलून ऑफिसात ये.

आम्हाला त्यांनी निरोप देताना नीट वागवलं, हे सांगायला हवं. दुरुस्तीला आठवडा लागेल, नंतर काकांना सकाळी घेऊन या, पुढच्या दाराने, मी काउंटरवर सांगून ठेवते, असं त्या म्हणाल्या. माझ्या मनात लगेच उरलेल्या रजेचा हिशेब सुरू झाला.

आप्पांनी विचारलं, "बाबी असंल न्हवं पंपावर?"

"ते आमचं अंतर्गत आहे, काका."

"मग ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

बाबीला त्या दिवशीच काढलं. संध्याकाळी काकींनी ताटं वाढली ती रोजच्यासारखीच. सोलकढी दोनदा विचारली. मग म्हणाल्या, उद्यापासून खोली लागतली, माणसां येवची आसत. कोणी येणार नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हात धुवायला मी मागे गेलो तेव्हा त्या विहिरीपाशी होत्या.

"तुमच्या वडलांनी बरा केल्यानी," त्या म्हणाल्या. "पोरांचो जीव तो. पण माझो भाव आता..." आणि कळशी घेऊन आत गेल्या.

सकाळी घावण्यांचा डबा ओसरीवर ठेवलेला होता. त्या बाहेर आल्या नाहीत. बाबी गणपतीच्या सुमारास कोणाच्या तरी होडीवर लागला, असं नंतर एकदा फोनवर कळलं. स्वतःच्या होडीवर तांडेल असलेला माणूस, दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला. मी त्याला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

ही बातमी मी कधी दिली नाही. चाळीस मुलं त्या दुपारी समुद्रकाठी वाळूत खेळून गेली. न झालेल्या अपघाताला पानात जागा नसते. आप्पा त्यानंतर पाच वर्षं होते. भिंत धरून संडासापर्यंत ते कधी एकटे गेले नाहीत. आम्ही एक बाई ठेवली. गुरुवारची चार पावलं हीच त्यांची शेवटची, आधाराशिवायची.

परतताना घाट चढून वर आल्यावर आमची भाड्याची जीप एका टपरीपाशी थांबली. मी आप्पांना उतरवून बाकावर बसवलं. त्यांनी उजव्या हातात बशी धरली, मी तीत चहा ओतला. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं आणि ते कसं सुरू करावं हे मला जमत नव्हतं.

त्यांनीच सुरुवात केली. "तितं बाईला दोन म्हणलास."

"काय?"

"स्क्रू. दोन न्हाईत म्हणलास. तीन नव्हतं."

"मला दोनच लागले."

"घाईनं बघितलंस."

मी म्हणालो, हो, बाबीने जाळी वर आणली तेव्हा कळलं मलाही.

"तवा न्हवं," आप्पा म्हणाले. "गुरवारीच तीन नव्हतं."

ते चहा पीत राहिले. मला समजायला वेळ लागला. डाव्या पायाला काही कळत नव्हतं हे खरं होतं. म्हणजे त्यांनी ती जाळी उजव्या पायाने चाचपली होती. उजवा पाय उचलायचा तर सगळं अंग डाव्यावर तोलायला हवं. चौथ्या पावलाला ते थांबले होते, डावीकडे कलते, आणि मी थकले म्हणून पुढे झालो होतो. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते त्या पायावर उभे होते आणि दुसऱ्याने एकेक भोक मोजत होते.

"मग मला कशाला विचारलंत?"

त्यांनी बशी रिकामी केली आणि माझ्या हातात दिली.

"सही दोघांची लागती," ते म्हणाले.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. जीप सात-आठ पावलांवर होती. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हात पुढे केला. त्यांनी थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि मग धरला.